तळहातावरून दिवाणखान्यात : एका छोट्या पडद्याचे माध्यमांतर

कादंबरीचे नाटक होते, नाटकाचा चित्रपट होतो, आणि दरवेळी मराठी समीक्षेत एक जुना प्रश्न नव्याने विचारला जातो : मुळातले काय टिकले आणि काय हरवले? या प्रश्नाची उत्तरे आपण बहुधा साहित्य, रंगभूमी आणि चित्रपट या तीन घरांतच शोधत आलो आहोत. परंतु गेली तीसहून अधिक वर्षे हाच प्रश्न एका अनपेक्षित ठिकाणी, खेळण्यांच्या दुनियेत, फार चिकाटीने विचारला जात आहे. हातात धरून खेळायचे जुने व्हिडिओ गेमचे यंत्र घ्यायचे आणि ते घरातल्या टीव्हीवर खेळता येईल असे करायचे, हा तो उद्योग. वरकरणी ही सोल्डरिंगची आणि वायरींची खटपट वाटते. तिचा इतिहास नीट पाहिला तर मात्र लक्षात येते की, 'मूळ म्हणजे नेमके काय?' हा संहितासंपादकाला छळणारा प्रश्न या खटपटीच्या मुळाशी आहे.

हा इतिहास जपानमध्ये सुरू होतो. त्याचा मुख्य रस्ता निन्तेन्दो या कंपनीच्या गेम बॉय या यंत्रावरून जातो, म्हणून प्रस्तुत लेखात भर त्या यंत्रावर आहे.

मुरलेल्या तंत्राचा आडवा विचार

१८८९ साली क्योतो शहरात पत्ते तयार करण्यासाठी स्थापन झालेल्या निन्तेन्दो कंपनीत १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा तरुण नोकरीला लागला. कारखान्यातील यंत्रांची देखभाल हे त्याचे काम. पुढे तो खेळणी तयार करू लागला आणि त्याने कामाचे एक सूत्र मांडले. त्याच्या जपानी शब्दांचा अर्थ 'वाळलेल्या तंत्राचा आडवा विचार' असा होतो. 'वाळलेले' या शब्दात जुनाट असा भाव नाही. आपल्याकडे लोणचे मुरते तसे मुरलेले, स्वस्त झालेले, खाचाखोचा माहीत झालेले तंत्र, असा त्याचा आशय आहे. असे तंत्र घ्यावे आणि ज्या कामासाठी ते जन्मले त्याहून निराळ्याच कामाला लावावे, हा योकोईंचा मार्ग.

आगगाडीच्या प्रवासात कंटाळलेला एक नोकरदार खिशातल्या गणकयंत्राची बटणे उगाच दाबत बसलेला योकोईंनी पाहिला आणि त्यातून त्यांना खिशात मावणारा खेळ सुचला, असे सांगितले जाते. १९८० साली 'गेम अँड वॉच' ही मालिका बाजारात आली, आणि तिचा पडदा म्हणजे गणकयंत्राचाच पडदा होता. गणकयंत्रात '८' हा आकडा सात रेघांचा बनलेला असतो. त्यातल्या हव्या तेवढ्या रेघा काळ्या केल्या की हवा तो आकडा दिसतो. योकोईंनी रेघांच्या जागी चेंडू झेलणाऱ्या माणसाचे हात आणि चेंडू यांच्या आकृत्या ठेवल्या. म्हणजे खेळातील प्रत्येक चित्र कारखान्यातच काचेत कायमचे कोरलेले होते. यंत्र फक्त कोणते चित्र कधी काळे करायचे, एवढेच ठरवत असे.

हा तपशील पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. अशा यंत्रातून टीव्हीकडे नेण्यासारखे चित्रच नसते. तारांमधून वाहतो तो केवळ 'अमुक आकृती लाव, तमुक विझव' असा हुकूम. चित्र काचेत असते आणि काच तिथेच राहते. आजचे अभ्यासू हौशी लोक हे खेळ संगणकावर आणताना ती काच सुटी करून तिचे प्रतिमांकन करतात, प्रत्येक आकृतीची कड हाताने गिरवतात, आणि आतल्या चिपवरचे आवरण काढून तिच्यातील आज्ञावली वाचतात. जीर्ण पोथीची प्रत करणाऱ्याचे काम याहून फारसे वेगळे नसते.

दोष जमेस धरलेला पडदा

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये गेम बॉय विक्रीस आला. त्याच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके होते आणि ठिपक्याला चारच छटा शक्य होत्या. पडदा सुमारे ४७ बाय ४३ मिलिमीटरचा, म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा मोठा, हिरवट पिवळा आणि स्वतःचा उजेड नसलेला. चार छोट्या सेलवर तो कित्येक तास चाले. त्याच सुमारास आलेल्या अटारी आणि सेगा या कंपन्यांच्या यंत्रांचे पडदे रंगीत आणि प्रकाशमान होते, पण ती यंत्रे सहा सेल काही तासांतच संपवत. बाजारात जिंकला तो गेम बॉय. १९९८ साली आलेली त्याची रंगीत आवृत्ती धरून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. मुरलेल्या तंत्राचा तो विजय होता.

त्या पडद्याचा एक मोठा दोष मात्र होता. त्याचे ठिपके मंद होते. एखादी आकृती सरकली की मागे तिची पुसट सावली रेंगाळत राही. पार्श्वभूमी वेगाने सरकू लागली की सारेच धूसर होई. खेळ रचणाऱ्यांनी हा दोष गृहीत धरून चित्रे काढली. पुष्कळ खेळांत पार्श्वभूमी मोकळी ठेवलेली दिसते आणि पात्रांना जाड काळी किनार असते.

काहींनी तर दोषाचेच साधन केले. यंत्राला अर्धपारदर्शक रंग दाखवता येत नाही. मग एखादी आकृती एका क्षणी दाखवायची आणि पुढच्या क्षणी लपवायची, असे सेकंदाला साठेक वेळा करत राहायचे. मंद पडदा दोन्ही क्षण एकमेकांत मिसळून टाकतो आणि डोळ्याला ती आकृती धुक्यासारखी दिसते. १९९२ साली जपानमध्ये निघालेल्या 'चिक्यू काइहो गुन झास' या अंतराळयुद्धाच्या खेळात या युक्तीचा सढळ वापर आहे. आता हाच खेळ चपळ पडद्याच्या टीव्हीवर आणला तर काय होईल? धुके नाहीसे होईल आणि त्याच्या जागी डोळ्यांना त्रास देणारी थरथर दिसेल. यंत्राने पाठवलेला संदेश अक्षरशः तोच, पण दिसणारी गोष्ट निराळी. माध्यमांतराची सगळी अडचण या एका उदाहरणात सामावलेली आहे.

रंगाचेही तसेच. १९९२ सालच्या 'कर्बीज् ड्रीम लँड' या खेळाचा नायक हा एक गोलमटोल जीव आहे. त्याचे जनक मासाहिरो साकुराई यांच्या मनात तो गुलाबी होता, तर कंपनीतील ज्येष्ठ सहकारी शिगेरू मियामोतो यांना तो पिवळा वाटत होता. चार छटांच्या पडद्यावर हा मतभेद मिटवण्याची गरजच पडली नाही. अमेरिकेत खोक्यावरचे चित्र छापायची वेळ आली तेव्हा तो चक्क पांढरा रंगवला गेला. पुढे १९९३ साली टीव्हीवर खेळायच्या यंत्रासाठी त्याचा नवा खेळ निघाला, तेव्हा तो अखेर गुलाबी झाला. मोठा पडदा असा निर्णय मागतो. छोट्या पडद्यावर जे मोघम राहू शकते, ते मोठ्यावर सांगावे लागते.

पहिले भाषांतर

खेळ तयार करणारे आणि त्यांची परीक्षणे लिहिणारे यांना गेम बॉयचे चित्र मोठे पाहण्याची गरज सुरुवातीपासून होती. त्यांच्यासाठी 'वाइड बॉय' नावाचे एक साधन तयार झाले होते, पण ते दुकानात मिळत नसे. सामान्य ग्राहकाला ही सोय १९९४ साली 'सुपर गेम बॉय'च्या रूपाने मिळाली. घरातल्या सुपर निन्तेन्दो या मोठ्या यंत्रात खोचायचे ते एक जाडजूड कार्ट्रिज होते (आपल्याकडच्या मुलांच्या भाषेत 'कॅसेट'), आणि त्याच्या डोक्यावरच्या खाचेत गेम बॉयची छोटी कॅसेट बसे. आत गेम बॉयचा खराखुरा प्रोसेसर होता. खेळ चालायचा तो त्या प्रोसेसरवर. मोठे यंत्र केवळ चित्र दाखवण्याचे आणि रंगवण्याचे काम करी.

मोठ्या यंत्राचे चित्र २५६ बाय २२४ ठिपक्यांचे होते. त्यात १६० बाय १४४ ठिपक्यांचा खेळ मांडला तर पडद्याचा सुमारे ४० टक्के भागच भरतो. उरलेल्या जागेचे काय करायचे? चित्र ताणून मोठे केले असते तर काही ठिपके जाड आणि काही बारीक झाले असते. निन्तेन्दोने चित्राला हात लावला नाही. त्याच्याभोवती सजवलेली चौकट दिली. ती चौकट बदलता येई, स्वतः रंगवताही येई. चार छटांना कोणते चार रंग द्यायचे हेही खेळणाऱ्याच्या हाती ठेवले होते. म्हणजे भाषांतरकाराने मूळ संहिता मधोमध जशीच्या तशी छापली आणि स्वतःची टीपाटिप्पणी समासात ठेवली. जपानमध्ये त्याच दिवशी निघालेल्या 'डाँकी काँग' या खेळाने तर समासाचा अर्थपूर्ण उपयोग केला. या खेळाचा पूर्वज १९८१ साली नाणे टाकून खेळायच्या उभ्या यंत्रावर आला होता. टीव्हीवर गेम बॉयच्या चित्राभोवती जी चौकट दिसे, तिच्यात त्या जुन्या यंत्राचा देखावा रंगवलेला होता.

तरीही एक चूक राहिली होती. गेम बॉयचे काळीज सेकंदाला सुमारे ४१ लाख ९४ हजार ठोके देते. सुपर गेम बॉयमध्ये वेगळे घड्याळ बसवलेले नव्हते. मोठ्या यंत्राच्या ठोक्यांना पाचाने भागून काम भागवले होते, आणि त्यामुळे ठोके सुमारे ४२ लाख ९५ हजार होत. हा फरक साधारण २.४ टक्क्यांचा. खेळ तेवढा भराभर चाले आणि संगीत किंचित वरच्या पट्टीत वाजे. बहुतेकांना हे कळलेही नाही, पण ज्यांच्या कानात मूळ चाल बसली होती त्यांना ते खटकले. १९९८ साली केवळ जपानमध्ये निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत स्वतंत्र घड्याळ बसवून हा दोष दूर केला गेला. दोन यंत्रे जोडून खेळण्यासाठीची केबल पहिल्या आवृत्तीत लावता येत नव्हती, ती सोयही दुसरीत आली.

याच काळात उलट दिशेची वाहतूकही चालू होती. सेगाच्या गेम गिअर या हातातल्या यंत्रासाठी टीव्ही ट्यूनर मिळत असे. तो लावला की खेळण्याचाच छोटा टीव्ही होई. १९९५ साली अमेरिकेत आलेल्या सेगाच्या नोमॅड या यंत्रात घरच्या मोठ्या यंत्राची कार्ट्रिजे चालत आणि ते टीव्हीला जोडताही येई. तळहात आणि दिवाणखाना यांच्यातली भिंत दोन्ही बाजूंनी पोखरली जात होती.

उजेड, ऊन आणि हात

२१ मार्च २००१ रोजी गेम बॉय अॅडव्हान्स आला. पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा, ३२ हजारांवर रंग दाखवणारा. परंतु त्यालाही स्वतःचा उजेड नव्हता. खिडकीशी बसल्याशिवाय काही दिसत नाही, अशी तक्रार सुरू झाली. यंत्राबरोबरच निघालेला 'कॅसलव्हेनिया : सर्कल ऑफ द मून' हा अंधाऱ्या किल्ल्यातला खेळ या पडद्यावर इतका काळोखा दिसे की त्यावर सर्वत्र टीका झाली. २००२ सालचा पुढचा भाग 'हार्मनी ऑफ डिसोनन्स' काढताना कोनामी कंपनीच्या चित्रकारांनी रंग भडक केले आणि नायकाभोवती ठळक निळसर कड काढली. उजेड नसलेल्या पडद्याला दिलेले ते उत्तर होते.

२००३ साली परिस्थिती पालटली. फेब्रुवारीत पडद्याला दिवा असलेले नवे मॉडेल आले आणि मार्चमध्ये 'गेम बॉय प्लेअर' आले. गेमक्यूब या घरगुती यंत्राच्या खाली बसवायचे हे उपकरण. त्याच्या आतही खऱ्या गेम बॉय अॅडव्हान्सची यंत्रणा होती, आणि गेम बॉयच्या तिन्ही पिढ्यांचे खेळ त्यावर टीव्हीवर दिसत. आता 'हार्मनी ऑफ डिसोनन्स' टीव्हीवर लावला तर रंग डोळ्यांत खुपतात. चित्रकाराने चूक केलेली नव्हती. अंधाऱ्या खोलीतल्या माणसाशी मोठ्याने बोलावे, तसे तो बोलला होता. खोलीत दिवा लागल्यावर ते ओरडणे वाटू लागले. अशा वेळी रंग मूळ नोंदीप्रमाणे दाखवायचे, की मूळ पडद्यावर दिसत तसे फिके करायचे? पहिल्या पर्यायात संदेशाशी इमान राहते, दुसऱ्यात अनुभवाशी. दोन्ही एकाच वेळी राखता येत नाहीत.

काही खेळांनी तर माध्यमांतराला सरळ नकार दिला. २००० सालच्या 'कर्बी टिल्ट अँड टंबल'च्या कॅसेटमध्येच कलतेपणा ओळखणारे संवेदक होते. यंत्र हातात धरून तिरके केले की कर्बी घरंगळतो. हा खेळ गेम बॉय प्लेअरमध्ये घातला तर तबकडी पोटात असलेला तो अख्खा ठोकळा दोन्ही हातांनी उचलून कलता करावा लागतो, आणि टीव्हीवरचे चित्र मात्र जागच्या जागी सरळ राहते. २००३ सालच्या 'बोकताई'ची कथा आणखी पुढची. हिदेओ कोजिमा या खेळाचे निर्माते. त्यातला नायक रक्तपिपासू पिशाच्चांशी उन्हाच्या शक्तीने लढतो आणि ते ऊन खरे असावे लागते. कॅसेटवरच्या संवेदकावर सूर्यप्रकाश पडला तरच त्याचे शस्त्र भरते. खेळणाऱ्याने घराबाहेर पडावे, हाच या खेळाचा आशय म्हणायचा. दिवाणखान्यात त्याचे चित्र येते. ऊन आणायचे तर टीव्हीपासून ताटातूट होते.

या ठिकाणी जात्यावरच्या ओवीची आठवण होणे मराठी वाचकाला स्वाभाविक आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या, हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुढे गावोगावच्या बायकांच्या ओव्यांचे प्रचंड संकलन केले. त्यामुळे ती रचना टिकली, आणि ही लहान गोष्ट नव्हे. पण छापील ओवी वाचताना दगडाचा प्रतिकार, खुंट्यावरचे हात, पहाटेचा काळोख, आणि दळण संपले की गाणेही संपते ही लयीची मर्यादा, यांतले काहीच पानावर येत नाही. राईरकर आणि पॉइत्वाँ यांनी ओव्यांबरोबर गाणारीचे गाव आणि जीवन यांचीही नोंद ठेवली, याचे मोल म्हणूनच मोठे आहे. ओवी आणि व्हिडिओ गेम यांची सांस्कृतिक योग्यता एक आहे असे येथे सुचवायचे नाही. शब्द किंवा चित्र उचलता येते, पण ज्या वस्तूशी शरीराने झटून ते निर्माण होत होते ती वस्तू मागे राहते, एवढेच साम्य दाखवायचे आहे.

हौशी कारागिरांचे पर्व

गेम बॉय प्लेअरनंतर निन्तेन्दोने जुन्या कॅसेटसाठी तसे दुसरे साधन काढले नाही. काम हौशी लोकांच्या हाती गेले. घरच्या मेजावर जुने यंत्र उघडून त्याला टीव्हीवर चालणारे स्थिर यंत्र बनवणे, याला त्यांच्या बोलीत 'कन्सोलाइझ करणे' म्हणतात.

याची रीत थोडक्यात अशी. मूळ गेम बॉयमध्ये प्रोसेसरकडून पडद्याकडे काही मोजक्या तारा जातात. दोन तारांवरून ठिपक्याची छटा येते. दोन तारांच्या चार जोड्या होतात, म्हणून छटा चार. आणखी काही तारा 'ठिपका आला', 'ओळ सुरू झाली', 'नवे चित्र सुरू झाले' असे इशारे देतात. पडदा काढून टाकायचा आणि या तारा दुसऱ्या एका चिपला जोडायच्या. ती चिप येणारे ठिपके स्मृतीत साठवते, त्यांना ठरावीक पटीने मोठे करते आणि आधुनिक टीव्हीला समजेल अशा एचडीएमआय संदेशात घालते. गेम बॉय अॅडव्हान्समध्ये लाल, हिरवा आणि निळा यांच्यासाठी प्रत्येकी पाच तारा असतात; तत्त्व तेच. २०१० च्या दशकाच्या अखेरीस अशा जोडणीचे तयार संच मिळू लागले. २०२१ साली रास्पबेरी पाय पिको ही अगदी स्वस्त चिपपट्टी आली, आणि मूळ गेम बॉयसाठी हे काम विद्यार्थ्याच्या खर्चातही बसू लागले.

कारागिराला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो आकाराचा. १४४ ओळी पाचपट केल्या की बरोबर ७२० होतात आणि टीव्हीची उंची नेमकी भरते. गेम बॉय अॅडव्हान्सच्या १६० ओळी चौपट केल्या की ६४० होतात. वर आणि खाली चाळीस-चाळीस ओळी काळ्या राहतात. साडेचारपट केले तर पडदा भरतो, पण काही ओळी जाड आणि काही बारीक होतात. बहुतेक जाणकार काळी पट्टी पत्करतात. दुसरा निर्णय गतीचा. गेम बॉय सेकंदाला ५९.७३ चित्रे काढतो आणि टीव्हीला साधारण साठची सवय असते. खेळ थोडा पळवायचा, अधूनमधून एक चित्र दोनदा दाखवायचे, की टीव्हीलाच अनियमित गती पाठवून तो ती स्वीकारील अशी आशा धरायची? तिसरा निर्णय दिसण्याचा. तळहातावर जो ठिपका जेमतेम तीनदशांश मिलिमीटरचा होता, तो चाळीस इंची टीव्हीवर तीन-साडेतीन मिलिमीटरचा चौकोन होतो. मूळ पडद्यावर ठिपक्यांमध्ये बारीक जाळी दिसे, ती पुन्हा रेखाटायची का? लागोपाठची दोन चित्रे मिसळून हरवलेले धुके परत आणायचे का? चांगल्या संचांत हे पर्याय वापरणाऱ्यासमोर ठेवलेले असतात.

आणि इथे पाठचिकित्सेतला एक परिचित पेच उभा राहतो. कोणता पडदा मूळ मानायचा? १९८९ चा हिरवट आणि मंद पडदा, १९९६ सालच्या गेम बॉय पॉकेटचा करडा आणि त्याहून चपळ पडदा, की १९९८ चा रंगीत? एकच कॅसेट तिन्हींवर चालते आणि तिन्हींवर वेगळी दिसते. लाखो मुलांनी या वेगवेगळ्या प्रती वाचल्या, आणि प्रत्येकाच्या आठवणीत त्याचीच प्रत मूळ आहे. आवाजाचेही असेच आहे. गेम बॉयला एकच छोटा कर्णा होता, पण हेडफोन लावले की डावे-उजवे असे दोन सूर वेगळे ऐकू येत. टीव्हीवर आज ऐकू येणारे दुपदरी संगीत रचनाकाराने खरोखर लिहिलेले आहे, तरी हेडफोन न लावणाऱ्या मुलांनी ते कधी ऐकलेलेच नव्हते.

येथे एक आक्षेप नोंदवायला हवा. सुपर गेम बॉय किंवा गेम बॉय प्लेअर कॅसेटला धक्का न लावता काम करत. कन्सोलाइझ करताना मात्र एक धडधाकट यंत्र सोलले जाते. त्याचे कवच, बटणे, पडदा बाजूला पडतात आणि फक्त मदरबोर्ड नव्या पेटीत जातो. म्हणून या क्षेत्रातील विवेकी मंडळी पडदा फुटलेली किंवा कवच खराब झालेली यंत्रेच या कामी वापरावीत, असे सांगतात.

बदललेली जागा

माध्यमांतराने खेळाची जागा बदलते, आणि जागेबरोबर नातीही. टीव्ही ही घरातली सामायिक वस्तू. बातम्या कोणी पाहायच्या आणि मालिका कोणी, याचा निवाडा तिथे होतो. हातातल्या यंत्राने मुलाला त्या निवाड्यातून सोडवले. पांघरुणात, प्रवासात, शाळेच्या मागच्या बाकावर तो खेळ केवळ त्याचा होता. आपल्याकडे गेम बॉय फार थोड्या घरांत पोचला, तरी १९९० च्या दशकात बाजारात आणि जत्रांत मिळणाऱ्या 'ब्रिक गेम'ने हा एकांत पुष्कळ मराठी मुलांना दिला. 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ' असल्याचे सांगणारे ते स्वस्त यंत्र, आणि त्याच्या दहा बाय वीस चौकोनांत वरून पडणाऱ्या विटा. तेही गेम अँड वॉचसारखेच. विटा काचेतच कोरलेल्या. दुसरीकडे, टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांभोवती भावंडे आणि शेजारपाजारची मुले जमत आणि आपली पाळी कधी येते याची वाट पाहत.

हातातला खेळ टीव्हीवर आला की पहिल्या प्रकारचा खेळ दुसऱ्या प्रकारात जातो. कोणीतरी पाहणारे असते, सुचवणारे असते, हसणारे असते. डोळे अधू झालेल्या माणसाला, किंवा बारीक बटणे दाबणे ज्याच्या बोटांना झेपत नाही त्याला, खेळ पुन्हा खेळता येतो. या लाभाला कमी लेखता येणार नाही. मात्र एकांतात खेळलेल्या खेळाची चव त्यात उतरत नाही, हेही तितकेच खरे.

२०१७ साली आलेल्या निन्तेन्दो स्विच या यंत्राने ही विभागणी जन्मतःच पुसून टाकली. ते हातातही चालते आणि बैठकीवर ठेवले की टीव्हीवरही. २०२३ साली त्यावर गेम बॉयचे जुने खेळ उपलब्ध झाले तेव्हा मूळ हिरवट पडद्याचा भास देणारा पर्यायही जोडला गेला. २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या अॅनालॉग पॉकेट या यंत्राच्या पडद्यावर मुळातल्या एका ठिपक्यासाठी दहा बाय दहा ठिपके खर्च केलेले आहेत, आणि त्यांतले बरेचसे काम जुन्या पडद्याचे दोष नक्कल करण्याचे आहे. एकेकाळी जे टाळायचे होते, ते आज जपायचे झाले.

याला एक निकडही आहे. मूळ पडदे मरत चालले आहेत. गेम बॉयच्या पडद्याची चिकटवलेली जोडणी सुटते आणि उभ्या रेषा गायब होतात. उन्हाने पडद्यावरचा थर जळतो. गेम गिअरमधले कपॅसिटर गळून बोर्ड खराब करतात. आणखी काही दशकांनी हे खेळ बव्हंशी टीव्ही, संगणक किंवा फोनच्या पडद्यावरच दिसतील. त्या वेळी 'झास'मधली थरथर पाहून कोणाला वाटेल की रचनाकाराला चित्रे काढता येत नव्हती. 'हार्मनी ऑफ डिसोनन्स' पाहून कोणी म्हणेल, केवढे भडक रंग! हा अन्याय टाळायचा तर रूपांतरकाराने आपण काय सोडले आणि का सोडले, हे चित्रासोबत सांगितले पाहिजे. पाठभेद तळटीपेत देणाऱ्या संपादकावर आपण विश्वास ठेवतो, तो त्याच्या प्रतीत चुका नाहीत म्हणून नव्हे. त्याने निवड कुठे केली ते आपल्याला दिसते म्हणून. जुन्या खेळयंत्राला टीव्ही जोडणाऱ्या कारागिराने जाळी, धुके आणि फिके रंग यांची बटणे वापरणाऱ्याच्या हाती ठेवली, तेव्हा त्याने नकळत हीच शिस्त पाळली.